पाचशे तास कशासाठी?





मागच्या वर्षी आपल्यापैकी काही मंडळी दवाखाना पाहायला आली होती. औषधाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका ताईंनी मला विचारले, "ही पांढऱ्या कोटातली मुलं कोण? डॉक्टर की नर्स?" मी म्हणालो, "दोन्ही नाहीत. फार्मसीचे विद्यार्थी आहेत, प्रशिक्षणाला आलेत." त्यावर त्यांनी विचारले, "गोळ्या मोजून पुडीत घालायला शिकण्यासाठी तीन महिने कशाला लागतात?"

प्रश्न साधा होता आणि रास्त होता. पण तो बाजाराचा दिवस होता, खिडकीपुढे रांग लागलेली होती, आणि मी हसून वेळ मारून नेली. या अंकासाठी काहीतरी लिहा असे संपादकांनी कळवले तेव्हा तोच प्रश्न आठवला. ताईंना देणे राहिलेले उत्तर आता आपणा सर्वांना देतो.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका लहान मिशन दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण मावची, भिल्ल, पावरा आणि कोकणी समाजाचे. कोणी काळीपिवळीने येतो, कोणी पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत दोन तास चालून येतो. डॉक्टरांची भेट पाच-दहा मिनिटांची असते. त्यानंतर रुग्ण माझ्या खिडकीवर येतो आणि तिथून थेट घरी जातो. म्हणजे घरी पोचण्याआधी त्याच्याशी बोलणारा शेवटचा माणूस औषध देणारा असतो. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे सर्व समजायला सोपे जाईल.

नियम काय सांगतो

आपल्या देशात फार्मसीचे शिक्षण आणि व्यवसाय १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली चालतो. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची पदविका असते, तिला आपण डी. फार्म. म्हणतो. ही दोन वर्षे वर्गात आणि प्रयोगशाळेत जातात. पण परीक्षा पास झाली म्हणजे मुलगा लगेच फार्मासिस्ट होत नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिक्षण विनियमांप्रमाणे त्याला किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण करावे लागते. ते कमीत कमी तीन महिन्यांत पसरलेले असावे लागते, आणि त्यातले किमान २५० तास चिठ्ठीप्रमाणे औषधे देण्याच्या प्रत्यक्ष कामात गेले पाहिजेत. १९९१ च्या विनियमांत हे होते आणि २०२० च्या नव्या विनियमांतही ५०० तास कायम राहिले.

हे प्रशिक्षण दवाखान्यात, आरोग्य केंद्रात किंवा परवाना असलेल्या औषध दुकानात, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली करायचे असते. शेवटी तास पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही होते. ती सही झाल्याशिवाय राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होत नाही. २०२२ च्या विनियमांनी नोंदणीआधी आणखी एक निर्गमन परीक्षा आणली. ते चांगलेच झाले. पण लेखी परीक्षेत विद्यार्थ्याचे हात दिसत नाहीत, आणि रुग्णाशी तो कसा बोलतो तेही दिसत नाही. ते पाहण्यासाठीच हे तास आहेत.

काही जण विचारतात की फार्म. डी. वाले विद्यार्थी तुमच्याकडे का येत नाहीत. तो सहा वर्षांचा अभ्यासक्रम भारतात २००८ मध्ये सुरू झाला. त्यात पूर्ण एक वर्ष रुग्णालयात जाते आणि त्यासाठी ३०० खाटांचे रुग्णालय लागते. आम्ही त्या मानाने फार लहान. आम्ही डी. फार्म.चीच मुले घेतो, आणि आमच्या भागाला त्यांचीच जास्त गरज आहे, कारण तालुक्याच्या गावात आणि बाजाराच्या गावात औषध दुकान चालवणारी हीच मुले असतात.

आणखी एक गोष्ट. एका फार्मासिस्टच्या हाताखाली किती विद्यार्थी घ्यावेत यालाही १९९१ च्या विनियमांनी मर्यादा घातली होती. एक फार्मासिस्ट असेल तर दोन विद्यार्थी, आणि पुढच्या प्रत्येक फार्मासिस्टमागे आणखी एक. आम्ही तोच हिशेब पाळतो. आम्ही दोघे आहोत, म्हणून एका वेळी तीनच विद्यार्थी. दर वर्षी आम्हाला काही मुलांना परत पाठवावे लागते, ते यामुळे.

आधी कपाट, मग खिडकी

नवा विद्यार्थी आला की पहिले काही दिवस त्याला खिडकीवर उभे करत नाही. तो औषधांच्या कोठीत काम करतो. कोणत्या औषधाची मुदत आधी संपते ते पाहून ते पुढे मांडायचे. फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचे, ते २ ते ८ अंशांच्या मध्येच राहिले पाहिजे. वीज गेली तर किती वाजता गेली आणि किती वाजता आली तेही लिहायचे. शेड्यूल एच-वन मधली औषधे, म्हणजे काही ठरावीक प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि झोपेच्या गोळ्या, यांची वेगळी नोंदवही असते आणि ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते. पण मुदत संपलेली एक बाटली पुढच्या रांगेत सापडली की कंटाळा जातो.

मग चिठ्ठी वाचायला शिकणे. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे लागेल तेव्हाच. हे पुस्तकात असतेच. पुस्तकात नसते ते डॉक्टरांचे अक्षर. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध, मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गाचे. घाईने लिहिले की दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. आमचा नियम असा की शंका आली तर अंदाज करायचा नाही, उठून डॉक्टरांच्या खोलीत जायचे. पहिल्या आठवड्यात मुले जायला घाबरतात, डॉक्टर रागावतील असे त्यांना वाटते. आमच्या डॉक्टर बाई प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगतात, "दहा वेळा विचारायला आलात तरी चालेल. न विचारता दिलंत तर चालणार नाही."

आठवड्यातून दोन दिवस मुले डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबरोबर वॉर्डात फिरतात. लहान मुलाचे वजन किती, त्यावरून औषधाचा डोस किती, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, काल दिलेले औषध रुग्णाने खरोखर घेतले की उशीखाली ठेवले, हे तिथे कळते.

एकाच नावाच्या दोन बाटल्या

गेल्या पावसाळ्यात घडलेली गोष्ट सांगतो. एक आई तापाने फणफणलेल्या बाळाला घेऊन आली. बाळाचे वजन दहा किलो. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचे पातळ औषध लिहिले, पाच मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा, ताप असेल तर. खिडकीवर आमची एक विद्यार्थिनी होती. तिचा दुसरा महिना चालू होता. औषध देण्याआधी तिने शिकवल्याप्रमाणे विचारले, "मावशी, घरी आधीचं काही औषध आहे का?"

आईने पिशवीतून एक लहान बाटली काढली. गावातल्या दुकानातून आणलेली. तिच्यावरही पॅरासिटामॉल हेच नाव. आई म्हणाली, हेच आहे ना, मग नवीन कशाला? याचाच चमचा देते.

मुलीने बाटली उलटून बारीक अक्षरे वाचली. ते थेंब होते. आम्ही देत होतो त्या औषधाच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. ते ड्रॉपरने द्यायचे असते, चमच्याने नाही. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. चमचाभर थेंब दिले असते तर ५०० मिलिग्रॅम गेले असते, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्याच्या चौपट. दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस असे झाले असते तर बाळाच्या यकृताला धोका होता.

इथे आईची चूक नव्हती. दोन्ही बाटल्यांवर एकच नाव, दोन्ही खोक्यांवर फळाचे चित्र. डॉक्टरांचीही चूक नव्हती, पिशवीतली बाटली त्यांना दिसलीच नव्हती. मुलीने आईला नवे औषध दिले, मापाच्या झाकणावर पेनाने रेघ मारून दिली आणि थेंबांची बाटली का वापरायची नाही ते दोनदा सांगितले. बाळ तीन दिवसांनी बरे झाले. मोठे काही घडले नाही, आणि घडू नये म्हणूनच ती मुलगी तिथे उभी होती.

"समजलं का?" असे विचारायचे नाही

आमच्या खिडकीवर एक प्रश्न विचारायला बंदी आहे. "समजलं का?" हा तो प्रश्न. आमच्या भागातला माणूस या प्रश्नाला नेहमी "हो" म्हणतो. मागे रांग असते, समोर पांढरा कोट असतो, आणि मराठी त्याची घरातली भाषा नसते. नाही म्हणणे त्याला उद्धटपणाचे वाटते.

म्हणून मुलांना दुसरा प्रश्न शिकवतो: "घरी गेल्यावर हे औषध कसं घ्याल, ते मला सांगा बरं." रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगितले की काय समजले आणि काय नाही ते उघड होते. चुकले तर चूक आपल्या सांगण्याची, रुग्णाची नाही, असे मानून पुन्हा सांगायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पुडीवर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढायचा. घड्याळातले आठ वाजले असे न सांगता ढोरे सोडायच्या वेळी, दुपारच्या भाकरीनंतर, झोपताना असे सांगायचे. मावची किंवा पावरी बोलणारा विद्यार्थी असला तर या कामात तो माझ्यापेक्षा पुढे असतो. मी वीस वर्षांत जे सांगू शकलो नाही ते तो दोन वाक्यांत सांगतो.

या एका प्रश्नाने मुलांना काय काय कळते त्याची थोडी उदाहरणे देतो.

क्षयरोगाच्या औषधांत रिफाम्पिसिन असते, त्याने लघवी लालसर-नारिंगी होते. हे आधी सांगितले नाही तर रुग्णाला वाटते रक्त जाते आहे, आणि तो गोळ्या बंद करतो. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्यानेही बायका घाबरतात. शिवाय ती गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी नीट लागत नाही, आणि आमच्याकडे गोळी म्हटली की चहा आलाच. जुलाबाच्या मुलांना ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि आई गोळ्या फडताळात ठेवून देते.

शनिवारी मुले आमच्या आरोग्यसेविकेबरोबर पाड्यावर जातात. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे, हे एका मुलाने एका घरी अगदी व्यवस्थित सांगितले. आजीबाईंनी ऐकून घेतले आणि विचारले की लिटर म्हणजे कोणता तांब्या. मुलगा गप्प झाला. घरात लिटरचे माप नव्हते. शेवटी अंगणात बाजारातून आलेली पाण्याची रिकामी बाटली सापडली, तिच्यावर एक लिटर छापलेले होते. तेव्हापासून आम्ही अशा बाटल्या धुऊन खिडकीपाशी ठेवतो आणि पाकिटाबरोबर देतो. हे आम्हाला त्या विद्यार्थ्यामुळे सुचले. शिकवणाराही या तासांत शिकतो.

सिकलसेल आणि स्थलांतर

आमच्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. हा रक्ताचा आजार आई-वडिलांकडून मुलांत येतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले, आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. तपासण्या वाढल्या, कार्डे मिळाली. पण कार्ड मिळाल्यानंतर रोजची गोळी घेण्याचा प्रश्न उरतोच.

या आजारात हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध देतात. ते दुखणे उठल्यावर घ्यायचे औषध नाही. रोज घेतले तर दुखण्याचे झटके कमी येतात. बरे वाटते म्हणून रुग्ण ते सोडतो आणि झटका आला की औषधाला गुण नाही म्हणतो. विद्यार्थ्याला हे समजावायला शिकावे लागते. त्याबरोबर हेही सांगावे लागते की पाणी भरपूर प्यायचे, रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करायची, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचे.

त्यातच दिवाळीनंतर आमचे अर्धे रुग्ण ऊसतोडीला गुजरातेत जातात. मग औषध किती दिवसांचे द्यायचे? कमी दिले तर संपते, जास्त दिले तर तपासणीशिवाय औषध चालू राहते. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून ठरवायचे, तिकडच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून द्यायची आणि मोबाइल नंबर घेऊन महिन्याने फोन करायचा. फोन करण्याचे काम विद्यार्थी करतात.

माझे स्वतःचे पाचशे तास

आता जे लिहितो ते लिहायला सोपे नाही. पण ते लिहिल्याशिवाय माझे उत्तर पुरे होत नाही.

मी पदविका झालो त्याला वीसहून जास्त वर्षे झाली. मलाही ५०० तास करायचे होते. मी एका औषध दुकानात गेलो. मालक भला माणूस होता. त्याने मला साठेक तास उभे केले, मग म्हणाला, "कशाला रोज हेलपाटे घालतोस? ये तीन महिन्यांनी, सही करून देतो." मी खूश झालो. घरी शेतीचे काम होते. तीन महिन्यांनी गेलो, पेढे दिले, सही घेतली. माझ्या बरोबरच्या कित्येकांनी असेच केले. त्या दुकानाचे नाव मी घेणार नाही, कारण दोष त्या मालकाइतकाच माझाही आहे.

पुढे मला एका दवाखान्यात नोकरी लागली. तिथे मधुमेहाचे एक काका यायचे, पायाला जखम होती. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहिले, २० युनिट. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. त्यांच्यासाठी वेगळी सिरिंज असते, लाल झाकणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी वेगळी, नारिंगी झाकणाची. मी काकांना ४० ची बाटली दिली आणि १०० ची सिरिंज. मला फरकच माहीत नव्हता. वर्गात ऐकले असेल, पण हातात घेऊन कोणी दाखवले नव्हते.

काका इमानाने २० च्या रेघेपर्यंत औषध भरत होते. पण त्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे पाव मिलिलिटरहूनही कमी, आणि त्यात त्यांच्या बाटलीतले फक्त ८ युनिट येत होते. साखर उतरेना. डॉक्टरांना वाटले काका पथ्य पाळत नाहीत. काका शपथेवर सांगत होते. तीन आठवड्यांनी एका सिस्टरने त्यांना सगळे सामान घेऊन बोलावले आणि झाकणाचा रंग पाहिला. तोवर जखम चिघळली होती. पायाचे एक बोट काढावे लागले.

माझ्यामुळेच बोट गेले असे मला कोणी म्हणाले नाही. डॉक्टर म्हणाले, जखम आधीच वाईट होती. काका तर मलाच धीर देत राहिले. पण मला माहीत आहे की ते तीन आठवडे माझे होते. दुकानात न केलेल्या ४४० तासांत मला कोणी ती सिरिंज हातात दिली असती की नाही, हे सांगता येत नाही. पण मी तिथे नव्हतो, एवढे नक्की.

आज आमच्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात दोन्ही सिरिंजमध्ये पाणी भरतो, २० च्या रेघेपर्यंत, आणि ते दोन वाट्यांत शेजारी शेजारी काढून पाहतो. का ते मी त्यांना सांगतो.

अठ्ठ्याऐंशी तास

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्याकडे होता. हुशार, कमी बोलणारा, पावरी आणि मराठी दोन्ही चांगले येणारा. भाताच्या लावणीत आणि मग तापात त्याचे बरेच दिवस बुडाले होते. तीन महिने उलटून गेले, औषधे देण्याचे २५० तासही झाले, पण एकूण तास ४१२ भरले होते. ८८ बाकी.

दिवाळी झाली आणि त्याचे वडील मला भेटायला आले. मुकादमाकडून उचल घेतली होती. त्यांची कंबर दुखत होती, कोयता चालवायला मुलगा हवा होता. आठ दिवसांनी ट्रक निघणार होता. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही सही केली तर पोराचे कागद पुढं जातील, पुढच्या साली तरी तो दुकानात लागेल. नाही केली तर त्याचं वर्ष गेलं. अठ्ठ्याऐंशी तासांनी काय मोठं होतं?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मुलगा जे शिकायचे ते बहुतेक शिकला होता. माझ्या एका सहीने त्या घराचे भले झाले असते, आणि कोणी तपासायलाही आले नसते. मी त्यांना पाणी दिले, चहा दिला, आणि काकांच्या बोटाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग कसं करायचं?"

तिथेच बसून आम्ही हिशेब केला. ८८ तास आणि आठ दिवस, म्हणजे रोज अकरा तास. सकाळी आठ ते रात्री आठ, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी. माझा सहकारी आणि मी पाळ्या वाटून घेतल्या, कारण मुलाजवळ आमच्यापैकी एक जण असणे भाग होते. रात्री भरती रुग्णांची औषधे तो सिस्टरांबरोबर लावायचा. मधल्या रविवारी मी उपासनेला जाऊ शकलो नाही, पाळकसाहेबांना तसे आधी सांगून ठेवले होते. आठव्या दिवशी रात्री आठ वाजता वहीत ५०० झाले आणि मी सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो वडिलांबरोबर ट्रकमध्ये बसला.

तो सबंध हंगाम फडावर होता. नोंदणी नंतर झाली. आता तो बाजाराच्या एका गावी औषध दुकानात आहे. त्या बाजूचे रुग्ण आमच्याकडे आले की कधी कधी त्यांच्या पुड्यांवर सूर्य आणि चंद्र काढलेला दिसतो. मग कोणी दिले ते विचारावे लागत नाही.

आपला वाटा

आपल्या देणगीतून या विद्यार्थ्यांचे राहणे आणि जेवण होते. दूरच्या पाड्यावरच्या मुलाला तीन महिने रोज जाणे-येणे परवडत नाही. फुकट राहायला मिळाले नाही तर तोही माझ्यासारखा सही शोधत फिरेल. तिसऱ्या फार्मासिस्टची जागा भरता आली तर एका वेळी चार विद्यार्थी घेता येतील. त्यासाठी प्रार्थना करा, आणि शक्य असेल तर मदत करा.

एक नम्र विनंती. घरातली उरलेली औषधे कृपया पाठवू नका. आपला हेतू चांगला असतो, पण उघडलेल्या पट्ट्या आम्ही कोणाला देऊ शकत नाही. रुग्णाला एकदा दिलेली औषधे पुन्हा दान करू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शनही आहे. ती निवडण्यात आणि नष्ट करण्यात मुलांचे तास जातात.

आणि एक काम आपण आपल्या गावीच करू शकता. पुढच्या वेळी औषध दुकानात गेलात तर घरी असलेली औषधे बरोबर न्या, आणि काउंटरवरच्या मुलाला सांगा, "मी हे असं घेणार आहे, बरोबर आहे का?" तो नवा असेल तर त्यालाही शिकायला मिळेल.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सर्वांनी रविवारच्या शाळेत ऐकली आहे. जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतल्यावर तो निघून गेला नाही. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, खर्चाचे पाहिले, आणि परत येईन असे सांगून गेला. मला त्यातला तो परत येण्याचा भाग नेहमी आठवतो. औषध दिले म्हणजे काम संपत नाही. ते घरी कसे घेतले जाते ते पाहायला कोणीतरी लागते.

तेव्हा ताई, गोळ्या मोजायला एक दुपार पुरते. बाकीचे तास त्या घरी नीट घेतल्या जाव्यात यासाठी आहेत. या वर्षीचे तीन विद्यार्थी सध्या दुसऱ्या महिन्यात आहेत. पुन्हा आलात तर खिडकीपाशी या, उत्तर तेच देतील.

प्रभूच्या सेवेत आपला,
औषध विभागातील एक फार्मासिस्ट